गयाबाईंचा खारवा

गयाबाई वाकळ धुवायला घेण्याआधी तिच्यावरून चालत. अंगणात ती उलगडून अंथरायची, पाय धुवायचे, पुसायचे आणि मालकिणीच्या देखत या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जायचे, असा त्यांचा रिवाज होता. मध्येच थांबून टाच दाबत आणि म्हणत, "हितं चिंध्यांचा गोळा झालाय," "हितला दोरा मेलाय," "ह्या कोपऱ्यात लेकरू झोपतंय तुमचं, व्हय ना?" चालणे संपले की वाकळेला हात लावून तो कपाळाला लावत. पहिल्यांदा आलेल्या बायका तरीही दचकत. आईच्या नाहीतर आजीच्या हातच्या वाकळेवर कोणी पाय देते, हे त्यांना पाहवत नसे. गयाबाईंचे उत्तर ठरलेले होते. "हाताला वरचं कळतंय, बाई. आतलं पायालाच कळतंय."

मी त्यांना प्रथम भेटलो तो एका तक्रारीच्या निमित्ताने. तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते आणि मी तिथल्या एका दैनिकात बातमीदार होतो. हर्सूलच्या तलावात लोक गोधड्या धुतात, पाणी नासते, असे वाचकाचे पत्र आले होते. तलावाच्या काठावर मला कोणी दिसले नाही. एका गुराख्याने अलीकडच्या मळ्यातली विहीर दाखवली. विहिरीशेजारी दगडी हौद होता आणि हौदात गुडघाभर पाण्यात उभी राहून एक पन्नाशीची, उंच, काटक बाई वाकळ तुडवत होती. तलावाचे विचारले तेव्हा ती पाय न थांबवता म्हणाली, "तळ्यात मी बोट बी घालत नाय. तळं प्यायचं, विहीर वापरायची. लिहा तुमच्या पेपरात." बातमी झाली नाही. ओळख झाली.

वय विचारले की त्या सांगत, "निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली मी हितं नांदायला आले. पुढचं तुम्ही मोजा." आल्या तेव्हा सासू गोधड्या धूत असे. सासूकडून हौद आला आणि काम करण्याची रीत आली. ती रीत गयाबाईंनी एक वेळ सोडली तर कधी कोणासाठी मोडली नाही. वाकळ एक दिवस साध्या पाण्यात भिजत ठेवायची. पाणी काळे झाले की बदलायचे. मग रिठ्याचे पाणी. धोपाटणे नाही, दगडावर आपटणे नाही, धुण्याचा सोडा तर नाहीच, कारण सोडा आधी मळ खातो आणि मग दोरा खातो. वाकळ फक्त पायांनी तुडवायची, तीही मधून कडेकडे, म्हणजे आतल्या चिंध्या एका जागी गोळा होत नाहीत. आणि पिळायची तर मुळीच नाही. उतरत्या फरशीवर पसरून ती आपोआप निथळू द्यायची. "पिळलेली वाकळ आन् दमात घेतलेलं मानूस," त्या म्हणत, "पुन्यांदा सरळ व्हत नाय."

वाळवायला तीन दिवस लागत. पहिला दिवस सावलीत, पुढचे दोन उन्हात, तासातासाला बाजू पालटत. वाळली असे सगळ्यांना वाटले तरी त्या घडीच्या पोटात हात घालत आणि गाल टेकवून पाहत. शहागंजातून एक खाला दरवर्षी चार गोधड्या घेऊन येत. त्यांना धीर नसे.

"गयाबाई, धूप तो इत्ती कडक है, कल तक सूख जाते ना?"

"खाला, तुमची घाई वाळंल उद्यापतोर. गोधडी परवा."

"तुम बोले तो परवा," म्हणत खाला हसत परत जात, आणि दुसऱ्याच दिवशी येऊन बसत.

घटस्थापनेच्या आधीचा पंधरवडा त्यांच्या कामाचा. आमच्याकडे घट बसण्यापूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन निघते. सायकलींच्या कॅरिअरवर, टांग्यांतून, डोक्यावरून गोधड्या हर्सूलला येत. मळ्याचा बांध रंगीत होऊन जाई. अशाच एका पंधरवड्यात माझ्या घरमालकीण सुलोचनाबाई मला म्हणाल्या, "भाऊ, त्या तुमच्या गयाबाईंकडे मला घेऊन चला."

मी तेव्हा छावणीत त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. सुलोचनाबाईंची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि चार दिवसांपूर्वी तिला मुलगा झाला होता. सुलोचनाबाईंच्या आईने स्वतःच्या हाताने शिवलेली एक वाकळ घरात होती. त्या वाकळेवर सुलोचनाबाई वाढल्या, त्यांची लेक वाढली. आई वारून दोन वर्षे झाली होती. बारशाला पाळण्यात तीच वाकळ घालायची, हे सुलोचनाबाईंनी लेकीला दिवस गेले तेव्हाच ठरवले होते. वरची बाजू वडिलांच्या जुन्या धोतरांची, पांढरी. टाके इतके बारीक आणि सारखे की लांबून कापडाला सुरकुती पडल्यासारखी वाटावी.

गयाबाईंनी वाकळ अंथरली आणि पाय धुतले. सुलोचनाबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"पाय नको हो, गयाबाई. माझी आई आहे ती."

"आई हाय म्हनूनच बघते, बाई."

"नको. माझ्या जिवाला लागेल. हाताने बघा."

मी गयाबाईंना गिऱ्हाइकाचे ऐकताना तोवर पाहिले नव्हते. त्यांनी सुलोचनाबाईंच्या तोंडाकडे पाहिले. डोळे भरलेले होते. गयाबाई खाली बसल्या, वाकळेवरून दोन्ही हात फिरवले आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. बारशाच्या आदल्या दिशी न्या."

चौथ्या दिवशी त्या स्वतःच छावणीत आल्या. हातात काही नव्हते. ओट्यावर बसायला सांगितले तर बसल्या नाहीत.

"सुलोचनाबाई, वाकळेला रंग लागला. धुताना लागला. मपल्या हातून."

"किती?"

"लई. सगळी वरची बाजू."

वाकळेच्या मधल्या थरात लाल खारव्याचा एक मोठा तुकडा निघाला होता. गाद्यांच्या खोळीचे ते जाड, कोरे कापड. पाण्याला कधी न लागलेले. हौदातले पाणी लाल झाले तेव्हा उशीर झाला होता. ऐकता ऐकता सुलोचनाबाईंना आठवले. शेवटच्या थंडीत ऊब पुरत नाही म्हणून आईने एक कड उसवून आत काहीतरी घातले होते. तेव्हा तिला नीट दिसत नव्हते. घरात जे हाती लागले ते तिने घातले.

"असू द्या," सुलोचनाबाई म्हणाल्या. "डाग तर डाग. आहे तशी द्या. चार दिवसांवर बारसं आहे."

"नाय देनार."

"अहो, वाकळ माझी आहे!"

"तुमचीच हाय. पर त्यो रंग कच्चा हाय. लेकराला घाम आला का रंग अंगाला लागनार, आन् लेकरू मूठ चोखतंय. डाग तुमच्या डोळ्याला, रंग त्याच्या तोंडाला. उसवावी लागंल. थर सुटे करून धुते, खारवा काढते, पुन्यांदा शिवते. बारसं हुकंल."

सुलोचनाबाई रडायला लागल्या. बारसे हुकण्याचे त्यांनी बोलूनही दाखवले नाही. "उसवलीत तर आईचे टाके जातील," त्या म्हणाल्या. "मग तिच्या हातचं काय राहिलं?"

"दोरा जाईल. भोकं ऱ्हातील. त्यांच्याच भोकातनं मपली सुई जाईल, एक बी नवं पडनार नाय." गयाबाई म्हणाल्या, "आन् पाव्हन्यांनी इचारलं तर सांगा, गयाबाईनं नासवली. मपलं नाव घेऊन सांगा."

मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. पाय ठेवू दिला असता तर कोरे कापड लगेच कळले असते, हे मला दिसत होते. त्या एवढे बोलल्या, पण ते वाक्य मात्र बोलल्या नाहीत. मी म्हणालो, "तुम्ही सांगायचं ना, की त्यांनीच अडवलं."

"काहून? त्यांना कळतंय ते."

"मग दोष तुमच्याकडे का?"

"पेपरवाले, त्यांना वाकळीतलं कळलं असतं तर त्या मपल्याकडं आल्या असत्या का? न बघता पान्यात घालायची नाय, ही मपली रीत. त्यांच्या डोळ्यातलं पानी बघून मी मोडली. त्यांनी 'नको' म्हनायचं, मी 'मग घरी न्या' म्हनायचं. ते मी म्हनलंच नाय."

बारसे साध्या चादरीवर झाले. बायकांनी विचारले आणि सुलोचनाबाईंनी काय सांगितले, ते मला ठाऊक नाही. गयाबाई दिवाळीनंतर वाकळ घेऊन आल्या. सुलोचनाबाईंनी ती ओट्यावर उन्हात धरली, डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. एका कडेला धुऊन धुऊन पक्की झालेली फिकट गुलाबी झाक उरली होती. बाकी पांढरी होती. त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवले. पहिल्या दोन ओळी झाल्यावर त्या थांबल्या आणि आत जाऊन बाळाला घेऊन आल्या. वाकळेवर पडल्यावर त्याने दोन्ही पाय झाडले आणि गालाशी आलेली गुलाबी कड तोंडात घेतली. "चोख रे बाबा," गयाबाई म्हणाल्या, "आता चोख कितीबी."

काढलेला खारव्याचा तुकडा त्यांनी घडी करून आणला होता. सुलोचनाबाईंना तो नको होता. गयाबाईंनी तो परत नेला आणि हौदाजवळच्या छपराच्या खांबाला खिळा मारून टांगला. पुढे नवे गिऱ्हाईक आले की त्या गोधडीला हात लावण्याआधी तिकडे बोट दाखवत. "हे आधी बघा. न बघता धुतली, म्हनून एका बाईची वाकळ मपल्या हातून नासली व्हती. आता द्यायची का नाय ते ठरवा." मी तिथे कित्येकदा बसलो आहे. गोधडी परत घेऊन गेलेले गिऱ्हाईक मी पाहिले नाही. पायाखाली गोधडी द्यायलाही मग कोणी का-कू करत नसे.

पुढच्या पितृपक्षात सुलोचनाबाई घरच्या गोधड्या घेऊन आल्या आणि त्यांना तो तुकडा दिसला. त्या ओशाळल्या. "काढा हो ते, गयाबाई. चूक तर माझी होती. मीच अडवलं तुम्हाला."

"तुमची असंल तर तुमच्या घरी टांगा," गयाबाई म्हणाल्या. "ही मपली हाय." आणि पाय धुवायला गेल्या.

नंतर माझी बदली झाली. मी परत आलो तेव्हा शेंद्र्याला कारखाने उभे राहिले होते, घरोघर सोलापुरी चादरी आणि मऊ ब्लँकेटे आली होती, आणि गयाबाई जाऊन तीन वर्षे झाली होती. हौद मात्र चालू होता. धाकटी सून कांता हौदात उभी होती. खारवा खांबाला होता. उन्हापावसाने त्याचा रंग विटेसारखा झाला होता. मी बोलत असतानाच एक तरुण मुलगी स्कूटीवर गोधडी बांधून आली. ती दोर सोडू लागली, तसे कांताने तिला थांबवले. सुलोचनाबाईंची वाकळ नासली त्या वर्षी कांता या घरात आलेली नव्हती, जेमतेम शाळेत जात असेल. तिने ओले हात पदराला पुसले आणि खांबाकडे बोट केले.

"ताई, हे आधी बघा," ती म्हणाली. "ही आमची चूक हाय."