दिवसाउजेडी घरी

वडील आमच्या तालुक्याच्या मार्केट यार्डात हमाल होते. सकाळी टोळीबरोबर निघायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. माल कमी आला की मुकादम जास्तीची माणसं परत पाठवायचा. त्या दिवशी शाळेतून येताना मला दाराशी त्यांच्या चपला दिसायच्या. ऊन अजून भिंतीवर असायचं आणि चपला दाराशी. मग मी दप्तर आवाज न करता ठेवायचो. वडील भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. दिवसा घरी असलेला बाप म्हणजे काम न मिळालेला बाप, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्यांच्या त्या पाठीवर मी बी.कॉम. झालो, घराण्यात पहिलाच. आज अंधेरीला एका कंपनीत नोकरीला आहे आणि दिंडोशीच्या वसाहतीत राहतो. या नोकरीबद्दल तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही. रोज अंधार पडल्यावर घरी पोचणं मला कधी जास्त वाटलं नाही. बापाला तसंच येताना पाहिलं होतं.

आई गेल्यावर वडील गावी एकटेच होते. छाती भरायला लागली तेव्हा त्यांना इकडे आणलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "औषधं चालू ठेवा," ते म्हणाले, "पण आता फार करण्यासारखं राहिलेलं नाही. त्यांच्याजवळ बसा, बोला."

आम्ही दोघं कधी बसून बोललोच नव्हतो. मला त्यांना एक गोष्ट फार वर्षं विचारायची होती. पाचवीला त्यांनी मला बोर्डिंगात सोडलं, तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. ते फाटकाबाहेर बराच वेळ नुसते उभे राहिले आणि मग एकदम वळून चालायला लागले. ते घरी कसे गेले, वाटेत कुठे बसले का, आईला काय म्हणाले, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

मी साहेबांशी बोललो. साहेब माझ्याच वयाचे, साहेब म्हटलेलं त्यांना आवडत नाही. म्हणाले, "यार, दुपारनंतर घरून कर ना. आणि सहानंतर माझा फोन उचललास ना, तर बघतो तुझ्याकडे."

पहिल्या दिवशी घरी पोचलो तर वडील गॅलरीत खुर्चीवर बसलेले होते. मला बघून उठायला लागले.

"का रं? आलास?"

"हो बाबा. आता रोज लवकर येणार."

"कुणी काय बोललं का?"

"नाही ओ. तुमच्यासाठी आलो."

"मला काय धाड भरलीय?"

चहा तसाच निवला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला. माझ्या बायकोला विचारत होते, "पोरी, खरं सांग. त्याला परत पाठवलं का?"

बायको घाटकोपरची, सरळ बोलणारी. "अहो बाबा, तुमच्याशी गप्पा मारायला आलाय तो. लग्न झाल्यापासून मी या माणसाला उजेडात बघितलं नव्हतं. आता तुमच्यामुळे दिसतोय तर दिसू द्या ना."

ती हसली. ते हसले नाहीत.

ऑफिसचं उरलेलं काम मी आतल्या खोलीत उरकून त्यांच्याजवळ बसायचो, तरी पुढच्या दिवसांत त्यांचं जेवण कमी झालं. लिफ्टचा आवाज आला की ते घड्याळाकडे बघायचे. मी बोर्डिंगचा विषय काढला तर म्हणाले, "त्याचं आता काय? तू साहेबाला एक फोन तर लावून बघ."

एक दिवस घरी आलो, तर त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

"मला गाडीत बसवून दे. माझ्यापायी तुझी भाकरी जायची."

"बाबा, आता ऑफिसं तशी नसतात."

"समदी तशीच असत्यात. आपण दिसलो न्हाई की दुसरा उभाच असतोय."

ते म्हणत होते त्याची भीती माझ्याही पोटात होतीच. बायकोने पिशवीतले कपडे काढून परत कपाटात लावले आणि मला आत बोलावून म्हणाली, "अरे, लॅपटॉप उघडून बस ना त्यांच्यापुढे. काम कर नाहीतर नको करू. उघडा दिसला म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं आणि लॅपटॉप उघडला. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पाठ टेकली. त्या दिवशी जेवणात त्यांनी भाकरी मागून घेतली. शेजारच्या आजी दारातून हाक मारायला लागल्या तर तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोला. साहेब कामात हायती."

पण मग स्वतःही बोलेनात. खोकला आला तर दाबून धरायचे. चेहरा लाल व्हायचा. अगदीच अनावर झालं तर भिंत धरत आत जायचे आणि उशीत तोंड घालून खोकायचे. मी म्हणायचो, "बाबा, बोला की. एवढं काही काम नाही." ते म्हणायचे, "कर तू. कामात बोलू नये." लॅपटॉप मिटला की त्यांचा जीव टांगणीला, उघडला की तोंड बंद. याच्या मधली वाट मला शेवटपर्यंत सापडली नाही.

मग आम्ही नुसते बसायचो. समोर डोंगर, खाली मुलांचा दंगा. अशाच एका संध्याकाळी मी डोंगराकडे बघत राहिलो आणि लॅपटॉपचं भान राहिलं नाही. शेजारून त्यांचा हात पुढे आला. पोत्यांना आकडा लावून लावून त्यांचं बोट वाकडं झालेलं होतं. त्या बोटाने त्यांनी जपून एक बटण दाबलं. काळी पडलेली स्क्रीन उजळली.

"विझलं होतं," ते म्हणाले. "लावलं."

आणि हात परत मांडीवर ठेवला.

मी "बरं झालं" म्हटलं आणि काहीतरी टाइप करत राहिलो. मान वर करायला मला वेळ लागला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील गेले. फाटकाबाहेर ते काय विचार करत उभे होते, हे आता मला कुणी सांगणार नाही.

आता पुन्हा दिवसभर ऑफिसात असतो, पण साहेबांनी घालून दिलेली सहाची वेळ अजून पाळतो. त्यांचे उपकार आहेत. पूर्वी माझ्या घरात संध्याकाळ नावाची गोष्ट नव्हती, आता आहे. उन्हाळ्यात तर घरी पोचतो तेव्हा जिन्यात ऊन असतं. तेव्हा मी बूट दाराशी ठेवत नाही. हातात धरून आत नेतो आणि कपाटात ठेवून दार लावतो. बायकोने हे केव्हाच पाहिलं आहे. ती चहाचं आधण ठेवते.