‘रेक अप’ आणि माझा फॉर्म

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नातेपुत्यात चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. आणि पहिलं आठवलं काय, तर मागच्या महिन्यातलं आमचं भांडण! सख्खा भाऊ गेला आणि मला रागच येतोय... काय म्हणावं याला.

दादा सोलापुरात घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचा. प्रत्येक मुलानं आपल्या घरातलं वाक्य करायचं, ही त्याची पद्धत. वाक्य खरं असेल तरच बरोबरची खूण. गृहपाठ मागाहून आणला, तर खाली शेरा, ‘उशिरा’. ‘रेक अप’चा अर्थ मात्र झकास सांगायचा. ‘मिटलेलं, नकोसं पुन्हा उकरून काढणं. सहलीच्या, लग्नाच्या गोड आठवणींना हे चालत नाही बरं का! ज्यानं कुणाला तरी टोचतं, तिथंच वापरायचं.’ आणि उदाहरण? ‘माझी बहीण जुनं उकरून काढते.’ माहेरी आलेली मी चहा घेऊन दारात उभी, आणि पोरं माझ्याकडे बघून खुदुखुदू हसतायत!

उकरणार नाही तर काय करू? बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म मी याच्याच हातात दिला होता. ‘मुदत संपली गं शकू,’ म्हणाला. दोन महिन्यांत माझं लग्न. कित्येक वर्षांनी वहिनीनं सांगितलं, फॉर्म टेबलाच्या खणातच होता. नातेपुत्याचं स्थळ हातचं जाईल म्हणून यानं तो दिलाच नव्हता. मला दुसरं काही नको होतं, ‘चुकलं माझं’ एवढंच हवं होतं. पण विषय काढला की हा हात झटकायचा, ‘कशाला रेक अप करतेस? झालं की आता!’ झालं कुणाचं? एवढा मास्तर, पण या एका धड्यात ढ!

तेरावं झाल्यावर वहिनी ओलं फडकं घेऊन बाहेरच्या खोलीत उभी होती. ‘वन्सं, फळा पुसू का हो? यांचं अक्षर आहे, हात होईना.’ मी जाऊन वाचलं. इंग्रजीतच, पण मला कळेल इतकं सोपं. बहिणीचा फॉर्म मी दिला नाही. हे तिनं नव्हे, मीच उकरून काढायला हवं होतं... शेवटच्या तासाला मुलांपुढं लिहिलं म्हणे. अरे शहाण्या, पोरांना सांगितलंस, मग मला एक फोन करायला काय धाड भरली होती? तिथंच खाली बसून रडले, संतापानं रडले.

मग उठले, खडू घेतला. वाक्याखाली लिहिलं, ‘उशिरा’. आणि शेजारी बरोबरची खूण केली.