वानराचं रगत

बाहत्तर सालच्या आसपास नगरच्या एका दवाखान्यात मी वडिलांच्या सोबतीला होतो. शेजारच्या बाकावर शेवगावकडचा एक धिप्पाड गडी मिशीचं टोक चावत बसला होता. बैलानं शिंगावर घेतलेला त्याचा सख्खा भाऊ आत पडला होता. रक्त हवं होतं, गटही जुळला होता, पण गडी उठेना.

"दरसाल माझा बांध कोरतो. त्याला रगत दिऊ?"

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. राहवलं नाही. "अहो, रक्ताला लाल रंग देणारं एक प्रथिन असतं, मण्यांच्या माळेसारखं. आपली आणि चिंपांझी वानराची माळ मण्याला मणी सारखी आहे. तुम्ही तर सख्खे भाऊ!"

"मंग त्या वानराचंच घ्या की, सायेब. त्यानं कंदी माझा बांध कोरला न्हाई."

नर्ससुद्धा हसली.

तेवढ्यात आतून भावाचं कण्हणं ऐकू आलं. गडी ताडकन उठला आणि शिव्या देतच खाटेवर आडवा झाला. सुई टोचताना मात्र त्यानं डोळे गच्च मिटले.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. गड्यानं डोळे पुसले.

"आता माझ्याच रगतावर माझ्याशी भांडंल बगा. भांडू दे बेन्याला."