ओळखीची तार

इर्मा,

क्लबातल्या लोकांनी मला तुझ्याबद्दल चार ओळी लिहून मागितल्या आहेत. शेडच्या भिंतीवर लावायच्या म्हणे, तुझ्या फोटोखाली. चार ओळींत तू बसायची नाहीस, आणि 'प्रेमळ, मनमिळाऊ' वगैरे लिहायला माझा हात वळत नाही. मनमिळाऊ तू कधीच नव्हतीस. तेव्हा मी लिहिणार ते सगळं लिहिणार, भिंतीवर मावो न मावो. तू समोर असतीस तर दुसऱ्या वाक्यालाच अडवलं असतंस, म्हणून इथून पुढे मी तुला 'ती' म्हणणार आहे. गप्प बस आणि ऐक.

इर्मा नॉस्के विमान चालवायला शिकली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. पोरं बोर्डिंगला गेलेली, मेंढ्या कातरून झालेल्या. नवऱ्याने, ओटोने, विचारलं, "या वयात?"

"मग कोणत्या वयात? मेल्यावर तर फुकटात वर जायचंच आहे."

ओटो शहाणा माणूस. त्याने वाद घातला नाही, लोकर कातरायच्या शेडमध्ये जागा करून दिली. तिथे दोघांनी मिळून, संध्याकाळ संध्याकाळ करत, दोन सीटांचं एक विमान उभं केलं. वर पंख, शेपटाखाली एक लहानसं चाक, रंग पिवळा. धावपट्टीवर ते उड्या मारत धावायचं म्हणून गावाने त्याला नाव ठेवलं, कोंबडी. पुढे ओटो हृदयविकाराने गेला. कोंबडी राहिली.

आमचं कॅरॉविला गाव म्हणजे ॲडलेड शहरापासून गाडीने चार तास आत. गहू साठवायचे उंच सायलो, ल्यूथरन चर्च, एक पब, आणि सायलोंच्या मागे मातीची धावपट्टी. पट्टीच्या कडेला पत्र्याचं शेड, तोच फ्लाइंग क्लब. सभासद बहुतेक शेतकरी. मोटार चालवावी तसं विमान चालवणारे, आणि मोटार कशी चालवतात ते विचारू नये.

इर्माचं खरं काम सुरू झालं ते क्लबातल्या गॉर्डन ब्रेच्या मयतानंतर. गॉर्डनचं पेट्रोल हवेत संपलं. काटा अर्धी टाकी दाखवत होता, टाकी कोरडी होती. चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि सँडविच खाताना जो तो मान हलवून सांगत होता, "टाकीत काठी बुडवून बघायची त्याला सवयच नव्हती. काट्यावर भरवसा ठेवायचा." हे पाचव्याने सांगितलं तेव्हा इर्माने कप बशीत आदळला.

"हे तुम्ही मला आज सांगताय. त्याला कोण सांगणार होतं? पाद्री?"

हातातली सँडविचं बशीत परत गेली. पाद्र्याचंही.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, क्लबात सॉसेज भाजायला शेगडी पेटली तेव्हा इर्मा आपल्या स्वयंपाकघरातलं लाल स्टूल घेऊन आली आणि शेडच्या मधोमध ठेवलं. महिन्याभरात ज्याची चूक झाली त्याने या स्टुलावर बसायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सांगून होईपर्यंत कुणी हसायचं नाही. 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य बंद. प्रश्न एकच विचारायचा, तोही अध्यक्षाने: उद्या काय वेगळं करशील? आणि सांगणाऱ्याला पहिलं सॉसेज, वर भरपूर कांदा घालून.

पहिले दोन महिने स्टूल रिकामं राहिलं. तिसऱ्या महिन्यात भूक लागली म्हणून की काय, मर्व बसला. मर्व म्हणजे पिकांवर औषध फवारणारा वैमानिक, तोंडाने फाटका, हाताने सोन्याचा. त्याने सांगितलं की शेपूट दोराने सिमेंटच्या ठोकळ्याला बांधलेलं विसरून त्याने इंजिन पूर्ण ताकदीने लावलं, आणि विमान का हलत नाही म्हणून इंजिनालाच शिव्या घातल्या. लोक पोट धरून हसले, पण सांगून झाल्यावर. त्यानंतर स्टूल कधी गार पडलं नाही. गावच्या डेंटिस्टने सांगितलं की उड्डाणाआधीची तपासणी चालू असताना फोन वाजला, बोलणं झाल्यावर तो तपासणीत पुढच्या पायरीपासून लागला, आणि मधली पायरी म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण. ते गेलं वाऱ्यावर. "उद्या काय वेगळं करशील?" "कुणी मधे बोललं, की पहिल्यापासून सुरुवात." हे वाक्य आज कॅरॉविलातली बायामाणसं केक करतानाही म्हणतात.

अशी वर्षं गेली. त्या काळात क्लबने विमानापायी एकही माणूस पुरला नाही. हा योगायोग असेलही. इर्माला तसं वाटत नव्हतं, मलाही नाही.

इर्मा एकाहत्तर वर्षांची असताना क्लेम होस्किंग अध्यक्ष झाला. पूर्वेकडच्या मोठ्या शेताचा मालक, पन्नाशीचा, चांगला वैमानिक आणि ते स्वतःला पुरेपूर ठाऊक असलेला. त्याने ठराव आणला: सत्तरीपुढच्या सभासदाने क्लबच्या पट्टीवरून एकट्याने उडायचं नाही. क्लबात सत्तरीपुढचं माणूस एकच होतं.

"तुझ्याविरुद्ध काही नाही हं, इर्मा."

"नाही कसं? नाव तेवढं घालायचं राहिलंय."

मतदान शनिवारी होतं. त्याच आठवड्यात, बुधवारी, इर्मा कोंबडी घेऊन स्वतःच्या शेतावर घिरटी मारत होती. तळाच्या रानात मेंढ्यांच्या पाण्याच्या हौदाभोवती जमीन काळी दिसली. पाणी वाहून चाललं होतं, म्हणजे नळाचा तरंगता गोळा अडकलेला. पहिल्या फेरीला ती उंचावर होती. नीट दिसलं नाही म्हणून दुसऱ्या फेरीला खाली आली. डोळे हौदावर. आणि मागून कुणी कॉलर धरून हिसडावं तसा विमानाला हिसका बसला, नाक खाली गेलं, तिने सगळं बळ लावून ते वर घेतलं, आणि मगच तिच्या लक्षात आलं. तार.

ती तार तिची स्वतःची होती. गावातून तिच्या शेतापर्यंत वीज यावी म्हणून नवी नवरी असताना तिनेच घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या. त्या तारेवर तिच्या घरात पहिला दिवा लागला. कपडे वाळत घालायची दोरी जशी माहीत असते तशी ती तार तिला माहीत होती. एकेरी तार, राखाडी, आकाशाच्या रंगाची.

उतरल्यावर तिने शेपटाचं चाक पाहिलं. दांड्यावर नागमोडी चकचकीत चरा होता. चार बोटं वर लागली असती तर तार शेपटाच्या सुकाणूत अडकली असती, आणि हे मी चर्चच्या हॉलमध्ये सँडविच खाताना सांगत असते.

गुरुवारी मर्व तेल बदलायला मदत करायला आला. वाकला आणि तसाच राहिला.

"हे काय गं?"

"तार."

"कुणाला सांगितलंस?"

"तुला."

"मग बास झालं की! शनिवारी मतदान आहे, बाई. क्लेमच्या हातात आयता दांडका कशाला देतेस? पुढच्या महिन्यात सांग. चूक काय, नासते का पुढच्या महिन्यापर्यंत?"

"नासते."

"हट्टी म्हातारी."

"तो बोल्ट आवळ नीट. बोलताना तुझा हात थांबतो."

बोलून गेली खरी, पण मर्व गेल्यावर ती कोंबडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि बराच वेळ उतरली नाही. कोंबडी गेली तर मागे उरणार होता एक दुखरा गुडघा, रविवारचं चर्च, आणि ॲडलेडहून लेकीचा फोन: "आई, आता इकडेच ये ना राहायला." वरून दिसणारं आपलं रान, तिरप्या उन्हात उमटलेल्या नांगराच्या रेषा, मेंढ्यांच्या वाटा, हे सगळं एका ठरावाने जाणार होतं. तिला तो ठराव अन्यायाचा वाटत होता, आणि बुधवारपासून मात्र खात्री वाटत नव्हती. डोळ्यांनी दगा दिला होता की वयाने? सीटवर बसून ती हाच हिशेब लावत होती. उत्तर येईना. पण एक गोष्ट तिला लख्ख दिसली: उत्तर तिने एकटीने शेडमध्ये बसून शोधायचं नव्हतं. त्यासाठीच तर स्टूल आणलं होतं.

शनिवारी मी कांदा परतायला टाकायच्या आतच ती स्टुलावर जाऊन बसली. सांगितलं सगळं, हौदापासून चऱ्यापर्यंत, आवाज न चढवता. वर हेही सांगितलं की "वयामुळे झालं का, मला माहीत नाही. नाही झालं असं छातीठोक म्हणणार नाही."

 मर्व बुटांकडे बघत होता. क्लेमने घसा खाकरला. त्याला आनंद झाला असेल असं मला तेव्हा वाटलं होतं, पण चेहरा तसा नव्हता.

"उद्या काय वेगळं करशील?"

"पाचशे फुटांच्या खाली उतरणार नाही. हौद बघायचा असेल तर जीप काढीन. आणि माझ्या तारेखाली जमिनीवर काहीतरी पांढरं टाकीन, वरून दिसेल असं."

"सॉसेज द्या तिला," क्लेम म्हणाला. मग म्हणाला, "आता मतदान."

"थांब," इर्मा तोंडात घास असतानाच म्हणाली. "मत देण्याआधी तू माझ्या मागे बस आणि माझं उडणं बघ. नापास केलंस तर मी स्वतः तुझ्या ठरावाला हात वर करीन. ऐकीव गोष्टीवर माझी कोंबडी बंद करू नकोस."

"आत्ता?"

"का? सॉसेज थंड होईल म्हणून?"

गेले दोघं. वारा आडवा होता. इर्माने कोंबडी उचलली, वळवली, हजार फुटांवर नेली, इंजिन बंद पडल्याचं नाटक करून उतरायला शेत निवडून दाखवलं. क्लेम मागून हुं हुं करत होता. परत येताना ती त्याच्या शेतावरून निघाली.

"क्लेम, इथे तू दर आठवड्याला खाली येऊन मेंढ्या बघतोस ना?"

"बघतो की."

"तुझी तार दाखव."

"ती काय. शेडपासून सरळ जुन्या ओढ्याकडे, पंपापर्यंत."

"पंप कुठे आहे?"

क्लेमने ओढ्याकडे दाखवलेलं बोट मागे घेतलं. पंप त्याने गेल्या हिवाळ्यात टेकडीवर हलवला होता. तार आता ओढ्याकडे जातच नव्हती, ती तिरकी जात होती, अगदी तो मेंढ्या बघायला उतरायचा त्याच वाटेवर. नवे खांब त्याने स्वतः उभं राहून रोवून घेतले होते. आणि डोळ्यांना अजून जुनीच तार दिसत होती.

"तार शोधू नकोस," इर्मा म्हणाली. "तार कुणालाच दिसत नाही. खांब शोध. नाही तर खांबांच्या सावल्या."

त्याला पहिला खांब सापडायला बराच वेळ लागला. इर्मा शांतपणे घिरट्या घालत राहिली, घाई केली नाही.

उतरल्यावर इंजिनाचा पंखा थांबायच्या आत क्लेम बाहेर पडला, शेडमध्ये गेला आणि थेट लाल स्टुलावर बसला. लोकांना वाटलं, वर काहीतरी भयंकर झालं.

"झालं काही नाही," तो म्हणाला. "व्हायचं राहिलंय." आणि सगळं सांगितलं.

नियमाप्रमाणे प्रश्न अध्यक्षाने विचारायचा. अध्यक्षच स्टुलावर. मर्वने संधी साधली. "उद्या काय वेगळं करशील, होस्किंगसाहेब?"

"ठराव बदलीन. वय काढून टाका. वर्षातून एकदा प्रत्येकाने दुसऱ्याला मागे बसवून उडायचं, आणि आपल्या शेतावरच्या सगळ्या तारा दाखवायच्या. मला धरून."

"आणि इर्मा?"

"इर्मा पास आहे. एकटी उडेल." मग शेगडीकडे बघून, "सॉसेज आहे का उरलेलं?"

हात सगळ्यांचे वर गेले. पहिल्या वर्षी आपल्याच तारा दाखवताना निम्मे सभासद चुकले. मर्वही चुकला, आणि त्याने दोष सूर्याला दिला.

'काहीतरी पांढरं' म्हणजे ट्रॅक्टरचे जुने टायर, हे इर्माने ठरवलं. प्रत्येक तारेच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर एकेक टायर, चुन्याने नाही, चांगल्या तेलरंगाने रंगवलेला, नाही तर पहिल्या पावसात धुऊन जातो. टायर गोळा करायला ती जीप घेऊन गावोगाव हिंडली. शेतकरी आधी हसले, मग स्वतःच आणून टाकू लागले. आज कॅरॉविलावरून उडताना खाली पांढऱ्या गोल खुणांच्या जोड्या दिसतात, असं सगळे सांगतात. बाहेरून आलेले वैमानिक विचारतात, हे काय? मग त्यांनाही स्टुलावर बसवून सॉसेज खायला घालतात.

इर्मा आणखी चार वर्षं उडली. मग एका शनिवारी आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "माझी मान डावीकडे पुरती वळत नाही. संकट डावीकडूनच येईल." कोंबडी तिने गावातल्या नर्सबाईंना विकली, आणि विकल्यावर महिनाभर त्यांना तपासणीच्या पायऱ्या पाठ म्हणायला लावल्या. रडली बिडली नाही. निदान माझ्यासमोर नाही.

आता तुझ्याशीच बोलते. पट्टीच्या टोकाला माझं घर, आणि माझ्या घरावरून बोअरच्या पंपाकडे जाणारी ती एक तार. तुझ्या यादीत ती शेवटची होती, कारण ती सगळ्यांच्या रोजच्या ओळखीची, आणि मी उडत नाही म्हणून मलाही घाई नव्हती. "गुरुवारी रंग घेऊन येते, तू टायर धुऊन ठेव," म्हणालीस. मी धुतले. त्या गुरुवारी तुझा गुडघा सुजला. मग मेंढ्या कातरायचे दिवस आले, मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन, मग पाऊस, आणि मग तू गेलीस. दोन टायर माझ्या शेडला टेकून उभे आहेत, काळेच. रंगाचा डबा तुझ्याकडेच राहिला.