खंडेनवमीला लावलेला कॉम्प्युटर

कन्नड मुलखात, यशवंतपूरला गुंडोअण्णांच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो. तेवढ्या काळात त्यांच्याशी एकदाच तावातावानं भांडलो, तेही खंडेनवमीच्या दिवशी. पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला मी, वाद घालायला मला निमित्त लागत नाही. पण त्या दिवशी चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो.

अण्णा मूळचे निपाणीचे, जवळच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे. त्यांचा टीव्ही बिघडला तेव्हा नवा टीव्ही कशाला, कॉम्प्युटरच घ्या, असं मी त्यांच्या डोक्यात भरवलं. आत टीव्हीचं कार्ड बसवलं की केबल त्यालाच लागते, सिनेमाच्या सीडी चालतात, गाणी वाजतात. झालं. टीव्हीच्या जागी कॉम्प्युटर आला, दोन बाजूंना दोन स्पीकर आले आणि सगळं घर रोज संध्याकाळी त्याच्यापुढे मांडी घालून बसायला लागलं. अण्णांच्या बायकोनं, भाग्यलक्ष्मीअक्कांनी, त्याला भरतकामाचं झाकणही शिवलं.

खंडेनवमीला सकाळी अण्णांनी पाटावर हत्यारं मांडली. पाने, कानशी, मापाचा व्हर्नियर, स्कूटरची किल्ली. मी चहाला खाली आलो होतो.

"आणि हा राहिला की," मी कॉम्प्युटर दाखवत म्हणालो.

"टीव्हीची पूजा कोन करतंय?"

टीव्ही म्हटलेलं मला झोंबलं. "अण्णा, हे यंत्र आहे. उद्या तुमचं लेथसुद्धा हेच चालवणार. याला पहिला मान द्या."

अण्णांनी एकदा कॉम्प्युटरकडे पाहिलं. "सरी, तसं तर तसं," म्हणाले, आणि त्यांनी त्याला गंध लावलं, झेंडूचा हार घातला, वायर काढून गुंडाळून ठेवली. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम मला ठाऊक होता. मी खुशीत चहा संपवला.

दुपारी फोन आला. अक्कांच्या भजनी मंडळाची गाणी टीव्हीसाठी रेकॉर्ड झाली होती आणि पुढच्या रविवारी लागणार होती. ती त्याऐवजी आजच साडेपाचला लागणार, असा निरोप होता. एकदाच.

अक्का हरखून हसल्या, मग त्यांची नजर हाराकडे गेली आणि हसू मावळलं. त्यांची आई ठकुबाई त्याच खोलीत कॉटवर होत्या. लेकीला टीव्हीवर बघायला म्हणून निपाणीहून आल्या आणि इथं न्हाणीत घसरून पाय मोडून बसल्या. गाणी सगळी त्यांचीच, त्यांनीच लेकीला शिकवलेली. प्लास्टरमधल्या त्या म्हातारीला उचलून कुठं नेता येत नव्हतं. शेजारचा टीव्ही आणावा, तर शेजारी घराला कुलूप लावून म्हैसूरला दसरा बघायला गेलेले.

"अण्णा, लावा की. टीव्हीच तर आहे," मी म्हणालो.

"सकाळी तूच म्हनलास, यंत्र हाय."

माझाच शब्द माझ्यावर उलटला होता. तरी मी बोललोच. अंधश्रद्धा म्हणालो, अडाणीपणा म्हणालो. साडेचार वाजले तरी माझं तोंड चालूच होतं. ते आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. शेवटी अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"त्यांची बोटं कशी गेली ठाऊक हाय तुमास्नी?" त्यांनी हळूच विचारलं.

उजव्या हाताला दोन बोटं नाहीत, एवढं मला दिसत होतं. विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

"अशीच खंडेनवमी हुती. पूजा झाली आनि मालक म्हनले, एकच जॉब हाय, काढून दे. ह्यांनी हार बाजूला केला आनि लेथ सुरू केलं." त्यांनी आपली दोन बोटं मुठीत दुमडली. "आता लावा म्हनून मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मी वाद तिथंच सोडला. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

अक्का बाहेर जाऊन आईजवळ बसल्या. "आई, मीच म्हनून दावते की तुला." ठकुबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

अण्णा उठले. "सगळी मागं सरका," म्हणाले. हार काढून त्यांनी कपाळाला लावला, वायर जोडली. मी सवयीनं पुढे झालो तर त्यांनी माझा हात झटकला. "कोनी हात लावायचं न्हाई. काय व्हायचं ते माझं हुदे."

बटण त्यांनीच दाबलं. कॉम्प्युटर आपल्या चालीनं सुरू होत राहिला आणि भिंतीवरचा काटा पुढे सरकत राहिला. पडदा आला, पण चॅनेलच्या जागी नुसत्या मुंग्या. मी लांबूनच सांगत होतो, डावीकडे न्या, खाली, आता दाबा. माउस त्यांनी तीन बोटांत धरला होता. साडेपाच उलटले, आणि चित्र आलं. हिरव्या साड्यांतल्या नऊ बायका, डावीकडून दुसऱ्या अक्का.

ठकुबाईंचे ओठ गाण्याबरोबर हलायला लागले. अक्का भान विसरून पुढे जायच्या, काचेवर बोट ठेवून आईला दाखवायच्या, "ही बघ मी," आणि दर वेळी अण्णा ओरडायचे, "लांब हो." ते भिंतीशी उभे होते, हात प्लगच्या बटणावर. मधेच स्पीकर करकरला. ते बटण बंद करणारच होते, पण करकर लगेच थांबली आणि त्यांचा हात तिथंच राहिला. अर्धा तास ते तसेच उभे होते.

कार्यक्रम संपल्याबरोबर त्यांनी वायर उपटली, हार परत घातला आणि ते पाटाजवळ बसले. सदरा घामानं भिजला होता.

"कशी दिसले ओ मी?" अक्कांनी विचारलं.

"काय की," अण्णा म्हणाले. "मी तुझी बोटंच बघत हुतो."