सात नंबरचं चित्र

लोणावळ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या म्युझियममध्ये मी कारकून होतो. नाणी, तलवारी, फुटकी भांडी सगळं मिळून दीड कपाट. किस्से मात्र ठेवायला जागा पुरेना! त्यातले निम्मे एकाच आठवड्यातले.

चाळीस सालच्या आसपासचा उन्हाळा. मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या वत्सलाबाईंनी आपल्या 'मॉडर्न' चित्रांचं प्रदर्शन मांडलं. अध्यक्ष रावसाहेबांनी सात नंबरचं चित्र हौसेनं स्वतः टांगलं. काळा चौकोन, खाली राखाडी रेघा.

"उलटं लागलंय," बाई म्हणाल्या.

"ह्यात उलटं काय नि सुलटं काय! रविवारपर्यंत एकानं जरी, न सांगता, हे ओळखलं तर मी स्वतः सरळ करीन. नाहीतर सगळी चित्रं खाली!"

"चालेल." बाईंनी चित्रासमोर स्टूल टाकलं आणि बसल्या. मला रावसाहेबांचा असा राग आला! पण पगारावर सही त्यांची.

*

पहिले आले चिक्कीवाले शेठ. चष्मा पुसून म्हणाले, "पाक करपला, अन् ओघळलासुद्धा. बाई, गूळ बदला!"

*

मग सिग्नलवाले हसनभाई. "बोगदा हाय. पर खालचे रूळ लय वाकडे! ह्या लायनीवर आपण गाडी सोडनार न्हाई!"

*

शनिवारी बाईंच्या हेडमास्तरीण आल्या. बराच वेळ बघून हळूच म्हणाल्या, "वत्सला, घरी सगळं ठीक आहे ना गं?"

त्या गेल्यावर मी म्हटलं, "बाई, उद्या एखाद्याच्या कानात सांगू का?"

"सांगाल तर याद राखा!"

*

रविवारी दुपारी रावसाहेब शिपाई आणि शिडी घेऊन हजर. बाई स्टुलावरून हलल्या नाहीत.

तेवढ्यात बाजाराला आलेले तिकोणा पेठ गावचे धोंडूआबा सावलीसाठी आत शिरले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचे, म्हणजे राबाचे दिवस. हात कोपरापर्यंत काळे. सात नंबरपाशी आबा थबकले.

"राब भाजलाय की! पर उलटा टांगलाय कुनी? धूर कुटं खाली जातो व्हय?"

बाई उठल्या. आबांनी कुणाची वाट न बघता चित्राला हात घातला.

"अहो आबा, हात काळे आहेत!" रावसाहेब ओरडले. "चित्राला लागेल!"

"लागू द्या," चित्र सरळ करत आबा म्हणाले, "रंग त्योच हाय."