रामटेके बाईंची सावड

जूनच्या शेवटच्या आठवड्यात रामटेके बाई शाळेत सापडायच्या नाहीत. आमच्या विदर्भात उन्हामुळं शाळा उशिरा उघडते. त्या आठवड्यात बाकीचे मुख्याध्यापक भिंतींना चुना मारून घेण्यात आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधण्यात गुंतलेले असायचे. बाई मात्र गावात कुणाच्या तरी अंगणात बसलेल्या असायच्या. मी रुजू व्हायला गेलो ते साल शहात्तर की सत्त्याहत्तर. लाखांदूरला एसटीतून उतरलो, उसनी सायकल हाणत, नवी टेरिकॉटची पँट चिखलानं माखून शाळेपाशी पोचलो, तर दाराला कुलूप. मी भंडाऱ्याचा, म्हणजे स्वतःला शहरातला समजणारा. माझ्या स्वागताला कुणी नाही म्हणून मनातून चांगलाच खट्टू झालो. पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "बाई का? थ्या तिकडं कोनाच्या घरी पानी पिऊन राहिल्या असतीन."

पाणी ही बाईंची युक्ती होती. घरासमोर जायचं, अंगणात टेकायचं आणि आत हाक द्यायची, "मोठी तहान लागली. पोरीच्या हातानं पानी पाठवा." पोरगी तांब्या घेऊन बाहेर आली की पाणी पिता पिता तिला मागच्या वर्षीचा एखादा धडा म्हणायला लावायचा, एखादा हिशेब तोंडी घालायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोण काय विसरलं आणि कुणाला कुठून पुन्हा सुरुवात करून द्यायची, हे शाळा उघडण्याआधीच त्यांना ठाऊक झालेलं असे. "जून मास्तरचा, एप्रिल पोरायचा," असं त्या म्हणायच्या. जूनमध्ये मास्तरनं अंग मोडून काम केलं नाही तर एप्रिलच्या परीक्षेत पोरांना रागावण्याचा त्याला हक्क नाही, असा त्याचा अर्थ. धानाच्या कोवळ्या रोपांना आमच्याकडं पऱ्हे म्हणतात. कुणी मुलांच्या निकालाबद्दल कुरकुर केली की बाई विचारत, "पऱ्ह्याकडं पाहिलं नाई, त मंग कापनीले इळा घासून काय फायदा?"

बाई बौद्ध होत्या. गावातल्या काही अंगणांत हाक दिली तरी पाणी येत नसे. बाई उठत नसत. पदरानं वारा घेत, कोंबड्यांकडं बघत निवांत बसून राहत. शेवटी घरातल्याच माणसांना अवघडल्यासारखं होई आणि पोरगी रिकाम्या हातानं बाहेर येई. मला भयंकर राग यायचा. परत येताना मी तणतणलो की बाई म्हणत, "गुरुजी, पानी नाही आलं त नाही आलं. पोरगी आली ना बाहेर?"

शाळा दोन शिक्षकांची, पहिली ते चौथी. बाई अंगानं किरकोळ, आवाज मात्र गावच्या तळ्याच्या पाळीपर्यंत जाईल असा. सुती पातळ नेसायच्या, चपला हातात घेऊन चिखलातून चालायच्या आणि वर्गात शिरण्यापूर्वी पाय इतके स्वच्छ धुवायच्या की मला माझ्या बुटांची लाज वाटायची. पोरांना मारत नसत. उत्तर चुकलं तर "अजून एक डाव" एवढंच म्हणत, आणि तो डाव पोरगं जिंकेपर्यंत संपत नसे.

पण जूनमध्ये केलेली ही सगळी मेहनत दरवर्षी जुलैत वाहून जायची. शाळा जरा रुळावर येते न येते तोच धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, लागायचा आणि अख्खं गाव बांध्यांमध्ये, धानाच्या पाणथळ वाफ्यांत, उतरायचं. मोठ्या मुली आईच्या बरोबरीनं पऱ्हे रोवायला, लहान मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला. मुलगे थोडे तरी यायचे, मुली पार पोळ्यापर्यंत गडप. परत आल्या की पाटी कोरी. चौथीची परीक्षा लाखांदूरच्या केंद्रावर व्हायची, आणि आमच्या गावातली एकही मुलगी तोवर ती पास झालेली नव्हती. गावाला याचं काही वाटत नव्हतं. बाईंना मात्र ते दुखायचं, दात दुखावा तसं, सारखं.

मी रुजू झालो त्या वर्षी चौथीत यशोदा होती. हुशार, थोडी घाईची, भागाकारात शून्य विसरणारी. ही मुलगी पास होणार असं बाईंनी जूनमध्येच ठरवून टाकलं होतं. रोवणा लागला आणि यशोदा यायची बंद झाली. बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या. पाणी न येणाऱ्या अंगणांपैकीच ते एक. यशोदाची आई भागरथा दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, माहे दोन हात अन् तिचे दोन. तिचे तुमी नेले त अर्धी बांधी पडीक राहीन. मंग काय तिले पुस्तक खाऊ घालू?"

तिचं काही चुकत नव्हतं. मी मनात परतीची वाट धरली होती. बाई म्हणाल्या, "तिचे दोन हात मले द्या, माहे दोन तुमी घ्या. सावड समजा."

सावड म्हणजे आज तू माझ्या बांधीत राब, उद्या मी तुझ्या. पैशाचा संबंध नाही, पण घेतलेले हात फेडले नाहीत तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. भागरथा हसली. मास्तरीण रोवणार म्हटल्यावर कोण हसणार नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पातळ खोचून तिच्या बांधीत उभ्या होत्या आणि यशोदा माझ्यासमोर वर्गात. बाईंनी वर्षाच्या सगळ्या किरकोळ रजा त्या रोवण्यात घातल्या. एकेका दिवशी एकेका मुलीच्या बदल्यात त्या बांधीत उतरत आणि मी चारही वर्ग एकटा हाकत असे. रविवारी मलाही सोबत नेलं. मी रोवलेले पऱ्हे थोड्याच वेळात पाण्यावर तरंगू लागले. बाया म्हणाल्या, "गुरुजीचा धान पोहून राहिला." पुढच्या रविवारी मला पऱ्ह्यांच्या जुड्या वाहून आणण्याच्या कामावर टाकलं.

बाईंचा हात मात्र यंत्रासारखा चालायचा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून भात खाताना मी त्यांना विचारलं, हे कुठं शिकलात. म्हणाल्या, "माही माय रोवनारीनच होती. मी चौथीत असताना माही मावशी पूरा रोवना माह्या जागी उभी राहिली, म्हनून मी शाळेत बसली. मावशी मरून गेली. थे हात मी अजून फेडून राहिली, गुरुजी." आणि चटणी संपली म्हणून माझ्या डब्यातली उचलली.

रोवणा संपत आला असताना एका दुपारी तपासणीला साहेब आले. जीप रस्त्यावर ठेवून, छत्री सावरत, चिखल तुडवत. यशोदा फळ्यावर भागाकार करत होती. साहेबांनी विचारलं, "मुख्याध्यापिका कुठं आहेत?"

"बांधीत आहेत, साहेब."

"स्वतःच्या?"

"नाही साहेब. हिच्या," म्हणून मी यशोदाकडं बोट दाखवलं. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आपली नोकरी पक्की होण्याआधीच गेली.

मोठ्या मुलाला वर्गावर बसवून मी त्यांना बांधीकडं घेऊन गेलो. बायांची रांग वाकून, मागं मागं सरकत रोवत होती. बाईंनी मान वर केली, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "एवढी पात संपू द्या साहेब, मधातून सोडता येत नाही." साहेब धुऱ्यावर छत्री धरून उभे राहिले. भागरथानं लगबगीनं तांब्या आणला, आधी साहेबांना दिला. पात संपवून बाई वर आल्या, तेव्हा तोच तांब्या तिनं बाईंच्या हातात ठेवला. मी ते पाहिलं. बाईंनीही पाहिलं असणारच, पण त्या नेहमीसारख्या घटाघट पाणी प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

साहेबांनी रजेचं विचारलं. बाई म्हणाल्या की रजा संपल्या, आजचा दिवस बिनपगारी मांडावा. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी वर्गात मुली मोजल्या होत्या, भागाकार पाहिला होता. ते खरोखर अडचणीत पडल्यासारखे म्हणाले, "बाई, पण मी अहवालात लिहू काय?"

"दिसलं ते लिहा, साहेब."

साहेबांनी दिसलं तेच लिहिलं. दिवाळीनंतर बाईंच्या बदलीचा हुकूम आला. नाकाडोंगरी, म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. गावाला वाईट वाटलं, मला तर रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून बाई म्हणाल्या, "यशोदा भागाकारातला शून्य अजून विसरते. रोज एक डाव." गाडी हलली तरी त्या खिडकीतून मला एक बोट दाखवत होत्या.

एप्रिलमध्ये यशोदा चौथी पास झाली. आमच्या गावची पहिली मुलगी. निकाल सांगायला मी घरी गेलो, तर भागरथानं किती मार्क ते विचारलंच नाही. बाईंना कळवलं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, कालच पत्र टाकलं. ती म्हणाली, "कागदानं सावड फिटते का, गुरुजी?" ती गंमत करते आहे असं मला वाटलं.

बाई पुढं नाकाडोंगरीहूनच निवृत्त झाल्या आणि त्यानंतर फार जगल्या नाहीत. शोकसभेला आम्ही बरेच शिक्षक जमलो होतो. कुणी त्यांच्या शिस्तीबद्दल बोललं, कुणी निकालांबद्दल. मला बोलायला उभं केलं, पण मी नुसता नमस्कार करून खाली बसलो. मला तिथं जे सांगायचं होतं ते एवढंच.

बाईंच्या बदलीनंतरचा पहिला रोवणा. भागरथानं स्वतःची बांधी घाईनं उरकली आणि एका सकाळी आणखी दोघी बायांना घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. नाकाडोंगरीला जायचं म्हणाली. तिघींपैकी कुणीही लाखांदूरच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी एका मित्राला शाळेवर बसवलं आणि रोवण्यापायी आयुष्यातली पहिली किरकोळ रजा टाकली. भंडारा, तुमसर, गाड्या बदलत, भागरथाला दर वळणावर मळमळत, आम्ही पोचलो. बाई वर्गात शिकवत होत्या. आम्हाला पाहून खडू हातात तसाच धरून बाहेर आल्या.

"एवढ्या दूर कायले आल्या व?"

"तुमचे हात अंगावर होते, बाई," भागरथा म्हणाली. "फेडाले आलो."

"माही कोठं बांधी हाये इथं?"

भागरथानं गाठोडं ओट्यावर ठेवलं, लुगडं खोचलं आणि वर्गात डोकावून पाहिलं. "आज शाळेत कोन नाई आली, थे सांगा," ती म्हणाली. "तिची बांधी दाखवा."

बाईंनी हजेरी उघडली नाही. "ललिता," त्या म्हणाल्या, आणि चपला तिथंच सोडून आमच्या पुढं चालू लागल्या.